दीडशे ग्रॅम

रोदिओन मुखानोव यांनी मला विचारलेला पहिलाच प्रश्न होता, "तुझं वजन किती?"

सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा बदललेल्या पेशंटला ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी उभं करायचं, हे माझं काम. त्या सकाळी फाइलवर लिहिलं होतं : वय साठ, वजन एकशे तेहतीस किलो, उजवा गुडघा, व्यवसाय कोच. पडदा सारून आत गेले तर पलंगाच्या दोन्ही कडांपर्यंत माणूसच माणूस. पांढरी आखूड दाढी, मान जवळजवळ नाहीच, आणि तळहात माझ्या दोन तळहातांएवढा.

"मी भार्गवी. आज आपण उभं राहणार आहोत," मी म्हटलं.

"ते नंतर. वजन किती? नव्वद? पंच्याण्णव?"

ते मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचे. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण मला त्यांचं बोलणं कायम 'तू'च ऐकू यायचं. माझं वजन चौऱ्याण्णव होतं आणि ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बाजारात चांगला फणस दिसला की माणूस जसा खूश होतो, तसे ते खूश झाले.

"छान," ते म्हणाले. "खांदे छान. मांड्या छान. तू काय उचलतेस?"

"पेशंट," मी म्हटलं.

ते इतक्या मोठ्यांदा हसले की शेजारच्या पलंगावरचे आजोबा दचकून जागे झाले.

माझ्या मांड्यांना छान म्हणणारा हा आयुष्यातला पहिला माणूस. पुण्यात लहानपणी शाळेच्या फोटोत मला कायम मागच्या रांगेत, टोकाला उभं करायचे. आई पाहुण्यांना सांगायची, "खात काही नाही हो ती, हाडंच मोठी आहेत." लग्न ठरताना माझ्या नवऱ्याच्या, प्रसन्नच्या, एका मावशीने, जोडा जरा विजोड दिसतो, असं माझ्यासमोर म्हटलं होतं. प्रसन्न खरंच काडीसारखा आहे. सिंगापूरला आल्यावर सात वर्षांत मी पाच डाएट केले, आणि प्रत्येकानंतर वजन आधीपेक्षा दोन किलो वर गेलं. व्यायाम समजावून सांगताना एखादा पेशंट माझ्याकडे बघून हलकंसं हसायचा. त्याचीही सवय झाली होती.

मुखानोव त्या दिवशी उभे राहिले, चार पावलं चाललेसुद्धा. खरी अडचण पुढे आली. घरी गेल्यावर ते आठवड्यातून दोनदा माझ्याकडे यायचे, पण गुडघा वाकवायला तयार नसायचे. "टाच हळूहळू मागे सरकवा, दहा वेळा," असं सांगितलं की म्हणायचे, "हा व्यायाम नाही. हे लहान मुलाचं काम आहे." तीन आठवडे झाले तरी गुडघा पासष्ट अंशांवर अडून बसला होता. आणखी उशीर झाला असता तर तो तसाच राहिला असता.

एके दिवशी मी टाचेखाली हात धरला आणि मला कळलं. पाय थरथरत होता. हा माणूस आळशी नव्हता, घाबरलेला होता. तीसेक वर्षांपूर्वी त्याच गुडघ्याने त्यांना सगळ्या जगासमोर खाली बसवलं होतं, हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं, की साठ वर्षांचा डोंगरासारखा माणूस माझी नजर चुकवत होता.

"कोच," मी म्हटलं, "स्पर्धेत तुम्हाला किती प्रयत्न मिळायचे?"

"तीन."

"मग आजपासून दहा नाहीत, तीनच. मधे दोन मिनिटं विश्रांती. मी पंच. पहिला प्रयत्न, सत्तर अंश."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावर नीट सरकून बसले, तळहात एकमेकांवर घासले आणि म्हणाले, "नाव पुकार. नाव न पुकारता कुणी येत नाही."

मी कोन मोजायची पट्टी हातात घेतली आणि सगळ्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "रोदिओन मुखानोव! सत्तर अंश!"

त्यांनी डोळे मिटले, श्वास भरला आणि टाच ओढली. एकाहत्तर भरले. दुसऱ्या प्रयत्नात चौऱ्याहत्तर. तिसऱ्याला घामाने शर्ट चिंब झाला, पण अठ्ठ्याहत्तर झाले. सायकल मारत बसलेल्या दोन चिनी आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात ते एकशे पाचवर पोचले. जिने चढायची धास्ती मात्र गेली नव्हती. प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय, मग उजवा, असे चढायचे.

शेवटच्या भेटीला त्यांनी एक चिठ्ठी दिली. तीवर हौगांगमधल्या एका औद्योगिक इमारतीचा पत्ता होता, पाचवा मजला.

"शनिवारी सकाळी ये. तू मला शिकवलं, आता मी."

मी जाणार नव्हते. पण आमचा फ्लॅट हौगांगमध्येच, चालत बारा मिनिटांवर. आणि त्या शनिवारी चैत्रालीचा, आमच्या अकरा वर्षांच्या मुलीचा, पोहण्याचा क्लास अचानक रद्द झाला. तिला घेऊनच गेले.

खाली रंगाचे डबे आणि गाड्यांचे सुटे भाग. पाचव्या मजल्यावर कोचचा वेटलिफ्टिंग क्लब : एक लांबट खोली, लाकडी फळ्यांचे चार चौथरे, भिंतीला लावलेले लोखंडी बार. कोचनी माझ्या हातात झाडूचा दांडा दिला. तीन शनिवार मी फक्त दांडाच उचलला. चौथ्या शनिवारी बायकांसाठीचा पंधरा किलोचा बार आला. एका झटक्यात जमिनीवरून थेट डोक्यावर न्यायचा तो स्नॅच. आधी खांद्यावर घ्यायचा आणि मग वर ढकलायचा तो क्लीन अँड जर्क. एवढ्या दोनच गोष्टी, पण त्या शिकण्यात दिवस कसे गेले कळलं नाही. बार अंगाला चिकटून वर जायचा आणि क्षणभर त्याला वजनच उरायचं नाही. त्या क्षणासाठी मी आठवडाभर वाट बघायचे.

"अगं, कंबर बिंबर धरली तर?" प्रसन्नने विचारलं.

"धरली तर मी फिजिओ आहे."

"आई, यू सो स्ट्रॉंग लाह!" चैत्राली तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. ती शाळेत सांगत सुटली होती, की माझी आई फ्रिज उचलू शकते. मी फ्रिज कधीच उचलला नव्हता, पण तिला खोटं पाडावंसंही वाटेना.

आठ महिन्यांत मी पंचेचाळीसचा स्नॅच आणि साठचा जर्क करायला लागले. कोचनी मला न विचारताच क्लबांच्या वार्षिक स्पर्धेत माझं नाव दिलं. तीन आठवडे उरले होते. आलेल्या नावांची यादी मी पाहिली आणि माझ्या जुन्या खोडीने डोकं वर काढलं. माझं वजन तेव्हा एक्क्याण्णव होतं. सत्त्याऐंशी किलोपर्यंतच्या वजनगटात एकही नाव नव्हतं. त्याच्या वरच्या, शेवटच्या गटात दोघी होत्या. त्यातली एक पेई शान, विद्यापीठात शिकणारी, जर्कमध्ये शंभर उचलणारी. चार किलो उतरवले की सुवर्णपदक आपलंच, असा सरळ हिशोब मी मांडला. डाएट करण्याचा अनुभव होताच.

सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी, रात्री सूप. दहा दिवसांत अडीच किलो गेले. अकराव्या दिवशी क्लबमध्ये चाळीसचा बार डोक्यावर नेताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बार मागे पडला. मी चौथऱ्यावर बसले. कोच काठी टेकत आले.

"काय खाल्लंस?"

"काकडी."

त्यांनी माझी बॅग उचलली आणि लिफ्टकडे निघाले. जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, त्यांना सगळे ओळखत होते. चिकन राइसवाल्या अंकलनी न सांगताच दोन प्लेट भरायला घेतल्या. "चार," कोच म्हणाले. दोन माझ्यापुढे ठेवल्या, आणि मी चमचा हातात घेईपर्यंत थांबून मग सांगायला लागले.

उरल पर्वतापलीकडचं त्यांचं गाव खाणीचं. वडील लवकर गेले. आई कारखान्याच्या कँटीनमध्ये चारशे कामगारांचा स्वयंपाक करायची. अंतोनिच नावाचा माणूस शाळेचा बॉयलर सांभाळायचा आणि संध्याकाळी त्याच खोलीत पोरांना वजन उचलायला शिकवायचा. तेरा वर्षांच्या रोदिओनला त्याने कोळशाच्या दोन भरलेल्या बादल्या हात सरळ ठेवून नेताना पाहिलं आणि म्हणाला, "बादल्या ठेव. बार घे."

एकोणिसाव्या वर्षी रोदिओन देशाच्या संघात गेले. पण सर्वांत वरच्या गटात आधीच दोन अजस्र लिफ्टर होते. संघाच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, तू एकशे दहा किलोच्या गटात राहायचं. शरीर तर वाढायला बघत होतं.

"सहा वर्षं," कोच म्हणाले. "सहा वर्षं मी वजनकाट्यावर जगलो. स्वप्नात पाव दिसायचा. आई चारशे लोकांना वाढायची आणि मी तिच्यासमोर अर्धा कप चहा घ्यायचो. ती पाठ फिरवून रडायची. मला वाटायचं, कांद्याने."

"आणि स्पर्धा?"

"चौथा. चौथा. तिसरा. पुन्हा चौथा. बार खांद्यावर घेतला की डोळ्यांपुढे अंधार. तुझ्यासारखा."

मग एका राष्ट्रीय स्पर्धेत वजन करताना काटा एकशे दहा किलो दीडशे ग्रॅम दाखवायला लागला. एक तास होता. त्यांनी डोक्याचे केस उतरवले. लोकरीचा कोट घालून जिन्यावरून वरखाली धावले. अंगातलं पाणी कमी व्हावं म्हणून डब्यात थुंकत बसले. परत काट्यावर चढले तेव्हाही पन्नास ग्रॅम जास्तच. वेळ संपली, नाव कापलं गेलं. अंगाला टॉवेल गुंडाळून ते बोळातल्या बाकावर बसून राहिले. तिथे अंतोनिच आला. दोन दिवस रेल्वेने प्रवास करून तो फक्त बघायला आला होता. त्याच्या हातात आईने दिलेला पत्र्याचा डबा होता. आत मांस भरलेले छोटे छोटे कानवले, थंडीत दगडासारखे गोठलेले. कुणाच्या तरी शेगडीवर अंतोनिचने ते उकडले.

"खा," तो म्हणाला. "एकशे दहाच्या वर एक गट आहे, रोद्या. त्याला खाली जमीन आहे, वर छप्पर नाही."

"मी सगळा डबा संपवला," कोच म्हणाले. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर ती चव आल्यासारखी वाटली. "मग पाणी प्यायलो. पोटभर पाणी! सहा वर्षांत नव्हतो प्यायलो."

चौदा महिन्यांत ते एकशे अडतीस झाले. अधिकारी म्हणाले, या पोराने स्वतःचं वाटोळं केलं. त्या दोन अजस्र लिफ्टरांपैकी एकाची पाठ दुखावली म्हणून युरोपच्या स्पर्धेला बदली म्हणून त्यांना नेलं, आणि ते सुवर्ण घेऊन आले. पुढच्या दोन वर्षांत दोनदा जगज्जेते झाले. त्यांचा सर्वांत मोठा जर्क अडीचशे किलोंचा. तो त्यांनी केला त्या दिवशी आईने कँटीनमधला टीव्ही लावला होता. कामगार ताटल्या घेऊन उभे, आणि आई डाव हातात धरून पडद्यासमोर. चारशे लोकांचं सूप थंड झालं, आणि एकानेही तक्रार केली नाही.

"तिने मला नंतर सांगितलं," कोच म्हणाले. "टीव्हीवर तू जाड दिसत होतास, असं म्हणाली. फार आनंदाने म्हणाली."

तिसऱ्या जागतिक स्पर्धेत गुडघा गेला. मग देशच मोडला, संघ राहिला नाही. काही वर्षं त्यांनी बाजारात पोती उतरवली. मग संघातल्या एका जुन्या मित्राने सिंगापूरहून बोलावलं, की इथे मुलांना शिकवायला माणूस हवा आहे. भर दुपारी जाड स्वेटर घालून ते चांगी विमानतळाबाहेर आले. त्याला आता वीस वर्षं झाली.

माझी एक प्लेट संपली होती. त्यांनी दुसरी पुढे सरकवली.

"तू चार किलो उतरवशील. एकटी उभी राहशील, सोनं घेशील. मग पुढच्या वेळी परत चार किलो. मग परत. मी त्या काट्याला सहा वर्षं दिली, भार्गवी. चांगली वर्षं होती."

"पण कोच, वरच्या गटात पेई शान आहे. ती शंभर उचलते."

"मग छान. जवळून बघायला मिळेल."

मी दुसरी प्लेटही संपवली. वर थोडी मिरचीची चटणी मागून घेतली.

स्पर्धेच्या दिवशी माझं वजन ब्याण्णव किलो दोनशे ग्रॅम होतं. काट्यावर बसलेल्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि मी पाण्याचा घोट घेत मान डोलावली. आमच्या गटात तिघी : पेई शान, एक मलय शाळाशिक्षिका आणि मी.

"म्हणजे कांस्य पक्कं," प्रसन्न चैत्रालीच्या कानात पुटपुटला.

पक्कं नव्हतं. स्नॅचच्या तीन प्रयत्नांत एक तरी जमला नाही तर माणूस स्पर्धेतून बाद. पंचेचाळीस किलो मी क्लबमध्ये दर वेळी उचलत होते, पण दिवे, माणसं आणि आपलं नाव माइकवर ऐकून माझे हात लाकडासारखे झाले. पहिला प्रयत्न पुढे पडला. दुसरा मागे. मला तोंड लपवून थेट घरी जावंसं वाटलं.

कोच मागच्या खोलीत माझ्यासमोर स्टुलावर बसले. त्यांनी माझे दोन्ही पंजे आपल्या हातात धरले. ते पूर्ण झाकले गेले.

"घाबरलीस?"

"हो."

"मी पण घाबरायचो. माझी फिजिओ सांगायची, तिसरा प्रयत्न आहे, पंच थांबले आहेत." आणि एकदम ओरडले, "भार्गवी! पंचेचाळीस किलो!"

मला हसू आलं. हसतच चौथऱ्यावर गेले. पुढचं नीट आठवत नाही. बार मांड्यांना घासून गेला, मी त्याच्याखाली बसले आणि वर बघितलं तर तो डोक्यावर होता. उभी राहिले. तीन पांढरे दिवे लागले, म्हणजे तिन्ही पंचांचा होकार. चैत्रालीचं "आई! आई!" सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मी बार सोडला, तर चौथऱ्याच्या पायऱ्यांवरून धडधड आवाज आला. कोच येत होते. एका पायरीवर डावा, पुढच्या पायरीवर उजवा, काठी खालीच. त्यांनी मला उचललं. ब्याण्णव किलो दोनशे ग्रॅम, अलगद. शाळेत जायला लागल्यापासून मला कुणी उचललं नव्हतं. माझ्यातली फिजिओ आत बोंबलत होती की ठेवा, ठेवा, गुडघा नवीन आहे. पण मी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरून ठेवले.

त्यानंतर भीती गेली. जर्कमध्ये साठ झाले, चौसष्ट झाले, शेवटी सत्तर झाले. सत्तर मी क्लबमध्येही कधी उचललं नव्हतं. पेई शानने एकशे दोन उचलले, आणि ते मी चार हातांवरून पाहिलं. बार खांद्यावर येताना वाकतो, हे इतक्या जवळून दिसलं तेव्हा अंगावर काटा आला. मी तिसरी, म्हणजे शेवटची आले. पदक घेताना आम्ही तिघी एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून उभ्या राहिलो. फोटोग्राफर मागे सरकत सरकत गेला, कारण आम्ही चौकटीत मावत नव्हतो. पेई शान म्हणाली, "सरका अजून मागे, अंकल, आम्ही बारीक होणार नाही!" आणि आम्ही हसत असतानाच फोटो निघाला.

तो फोटो मी आईला पाठवला. दहा मिनिटांत पुण्याहून फोन आला. तिने तोवर सोसायटीतल्या चार घरी दाखवला होता.

"अगं, किती उचललंस म्हणालीस? सत्तर? म्हणजे तुझे बाबा आहेत तेवढे!"

मागून बाबांचा आवाज आला, "मी अडुसष्ट आहे."

मंगळवारी कामावर गेले तेव्हा हात खांद्याच्या वर जाईनात. पेशंटचा पडदा सारायलासुद्धा शेजारच्या नर्सला बोलवावं लागलं. आत नव्याने गुडघा बदललेल्या एक आजी होत्या. त्यांनी माझी अवस्था बघून काळजीने विचारलं, "तुला काय झालं गं बाई?" मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.